छोट्या ऑफिसात टॅलीच्या कामाला एआय नेमकं कुठे लावावं?

नाशिकरोड_जमाखर्च यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. दोन माणसांचं ऑफिस, बावीस क्लायंट. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतले जॉबवर्कवाले (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करणारे) सात-आठ, दोन मेडिकल, एक हार्डवेअर, पिंपळगावचे कांद्याचे दोन व्यापारी, बाकी किरकोळ. टॅलीप्राइम (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल २०१६ वर काम चालतं. चॅटजीपीटी आणि जेमिनी दोन्ही फुकटातलेच आहेत.

बँक स्टेटमेंटच्या नोंदी, खरेदीची बिलं, २बी जुळवणी (पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर भरलेली बिलं आपल्या खरेदीशी ताडणं) आणि नोटिशींची उत्तरं यातलं कोणतं काम एआयकडे द्यावं आणि कोणतं देऊ नये? ‘सगळं आपोआप होतं’ छाप व्हिडिओ भरपूर पाहून झालेत. कुठे फसतं ते जास्त सांगा.

---

वहीखाते_पंचवटी:

बँकेपासून सुरू करा, वेळ तिथेच सर्वांत जास्त वाचतो. पण पहिली गोष्ट, पीडीएफ एआयला वाचायला देऊ नका. बहुतेक बँकांच्या नेटबँकिंगमधून तेच स्टेटमेंट एक्सेल किंवा सीएसव्हीत उतरवता येतं. क्लायंटकडून तेच मागा. पीडीएफ वाचताना पान बदलतं तिथली एखादी ओळ गळते, नाहीतर दोन ओळींत पसरलेला मजकूर दोन व्यवहार म्हणून येतो, आणि समोरचा तक्ता इतका नीटनेटका दिसतो की संशयही येत नाही.

पीडीएफशिवाय गत्यंतरच नसेल तर शेजारी एक रकाना करा: वरच्या ओळीची शिल्लक + जमा − नावे. ८४,३२० वर १२,५०० जमा झाले तर ९६,८२० यायला हवेत. हा आकडा छापील शिल्लकेशी प्रत्येक ओळीवर ताडून बघा. फरक जिथे सुरू होतो, तिथेच ओळ गळालेली असते. हे गणित एक्सेलमध्येच करा, एआयला ‘बेरीज जुळते का’ असं विचारू नका. तो बिनदिक्कत ‘जुळते’ म्हणतो.

तारखा बघा. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०६ चं ५ जूनऐवजी ६ मे होतं, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून राहतात. ओळखायची खूण म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे.

आता एआयचं खरं काम. प्रत्येक ओळीला लेजर (टॅलीतलं खातं) लावून घेऊ नका, नियमांची यादी करून घ्या. वर्षभराच्या व्यवहारांतले फक्त मजकूर काढा, डुप्लिकेट उडवा, खातेक्रमांक आणि व्यक्तींची नावं झाका आणि असं सांगा:

‘हे बँकेचे मजकूर आहेत. सोबत टॅलीतल्या लेजरची यादी आहे. प्रत्येक मजकुरातला ओळखीचा शब्द, त्यासाठी यादीतलं लेजर आणि कारण असे तीन रकाने दे. यादीबाहेरचं लेजर बनवू नकोस. खात्री नसेल तिथे सस्पेन्स लिही, अंदाज करू नकोस.’

शेवटचं वाक्य गाळलंत तर सस्पेन्समध्ये (न ठरलेल्या नोंदींचं तात्पुरतं खातं) एकही ओळ येणार नाही, सगळं कुठेतरी ढकललेलं असेल. आलेली यादी तुम्ही एकदा तपासायची आणि ती एक्सेलमध्ये ठेवायची. पुढच्या महिन्यापासून शब्द शोधून लेजर लावायचं काम सूत्र करतं, एआयकडे फक्त नवे मजकूर जातात.

तपासताना पुढच्या जागांवर हमखास चूक सापडते. कर्जाचा हप्ता तो पूर्ण व्याजात टाकतो किंवा पूर्ण कर्जखात्यात. मुद्दल आणि व्याज वेगळं करायला बँकेचा परतफेडीचा तक्ता लागतोच. क्लायंटच्याच दोन खात्यांतली उलाढाल एकीकडे खर्च आणि दुसरीकडे विक्री म्हणून बसते, ती काँट्रा आहे. क्रेडिट कार्डचं बिल खर्चात जातं आणि कार्डाच्या स्टेटमेंटवरून तेच खर्च परत घेतले जातात. मालकाचा विम्याचा हप्ता धंद्याच्या विम्यात जातो, तो उचल खात्यात हवा. परत आलेला चेक ‘जमा’ दिसला की त्याला ती वसुली वाटते. आणि ठेवीवरचं व्याज टीडीएस (उगमातच होणारी करकपात) कापून आलेलं असतं, तो तेवढीच निव्वळ रक्कम उत्पन्नात घेतो.

आयातीचं म्हणाल तर टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलमधून व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) थेट घेता येतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर एक्सएमएल (टॅलीला वाचता येणारा फाइलचा प्रकार) लागतं, आणि एआयने लिहून दिलेलं एक्सएमएल दोन ठिकाणी मोडतं. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हाने जाते, तो हमखास उलटं करतो. आणि पार्टीच्या नावात & असेल तर ते चिन्ह एक्सएमएलच्या नियमाप्रमाणे बदलून लिहावं लागतं, नाहीतर पूर्ण फाइल नाकारली जाते. आधी बॅकअप, मग नमुना कंपनीत पाच नोंदी, मग खरी आयात. नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपणात) ‘बॅच ०४-१’ असं काही टाकून ठेवा. तीच फाइल चुकून दोनदा गेली तर शोधून काढता येते.

प्रायव्हेट लिमिटेड क्लायंट असेल तर आणखी जपून. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग (प्रत्येक बदलाची आपोआप राहणारी नोंद) असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. दोनशे चुकीच्या नोंदी आत घालून पुसल्या तर पुसल्याचीही नोंद राहते, आणि ऑडिटर त्याचं कारण विचारणार.

---

अंबड_लेखापरीक्षा:

खरेदी बिलांबद्दल थोडं उलटं सांगतो. सगळ्या बिलांचे फोटो एआयला देऊ नका, आधी चाळणी लावा.

ज्या पुरवठादाराची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्याचं बी-टू-बी (एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला दिलेलं) बिल ई-इनव्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदलेलं असतं, त्यावर सही केलेला क्यूआर असतो. त्या क्यूआरमध्ये विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी, मुख्य एचएसएन (मालाचा कोड) आणि आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) एवढं सगळं आहे. स्कॅन केला की अक्षर न अक्षर बरोबर येतं, तिथे वाचनाची चूक होतच नाही. करपात्र रक्कम आणि कराची फोड मात्र क्यूआरमध्ये नसते, ती २बीतून घ्या. एआय उरला फक्त छोट्या पुरवठादारांच्या बिलांना.

त्यातही गठ्ठा लावणं माणसाचं काम. तीन प्रतींचं बिल असेल तर तो तीन बिलं धरतो. ई-वे बिलाचं (माल वाहतुकीच्या कागदाचं) पान वेगळं बिल म्हणून घेतो. आणि जॉबवर्कवाल्यांकडे सर्वांत महाग चूक होते ती डिलिव्हरी चलनाची. सातपूरच्या मशीनशॉपला मोठ्या कंपनीने कच्चा माल चलनावर पाठवला, चलनावर मालाची किंमत छापलेली, की झाली खरेदी! माल त्यांचा नाहीच, त्यांचं फक्त मजुरीचं बिल. तेव्हा चलन, प्रोफॉर्मा आणि कोटेशन आधीच बाजूला काढा.

वाचून झालं की तीन तपासण्या, तिन्ही एक्सेलमध्ये. करपात्र रक्कम गुणिले दर बरोबर कर, फरक एक रुपयापर्यंत चालेल. करपात्र अधिक कर अधिक राउंडऑफ बरोबर एकूण. तिसरी जीएसटी क्रमांकाची. १५ जागा: पहिल्या दोन राज्याचा कोड, पुढच्या दहा म्हणजे पॅन, तेराव्या जागी त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते, चौदावी जागा बहुधा झेड, पंधरावी तपासणीचं अक्षर. फोटोतून वाचताना ओ आणि शून्य, एस आणि पाच, बी आणि आठ यांची अदलाबदल होते. पण तिसऱ्या ते सातव्या जागेवर अक्षरच हवं आणि आठव्या ते अकराव्या जागेवर आकडाच हवा, त्यामुळे यातल्या बऱ्याच चुका सूत्राने पकडता येतात. पंधराव्या अक्षराचं गणितही ठरलेलं आहे. त्याचा मॅक्रो (एक्सेलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) एआयकडून लिहून घ्या आणि खात्रीच्या दहा क्रमांकांवर चालवून बघा. हे काम तो चांगलं करतो.

राज्याचा कोड २७ (महाराष्ट्र) असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा कर), वापीहून माल आला तर २४ आणि सिल्वासाहून आला तर २६, दोन्हीकडे आयजीएसटी (परराज्यातल्या मालावरचा कर). फोटो अस्पष्ट असेल तर तो कर अर्धा-अर्धा करून मोकळा होतो. आणि सुरतच्या हॉटेलच्या बिलावर गुजरातचा सीजीएसटी-एसजीएसटी लागलेला असतो, त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) इथे घेता येत नाही. एआय तो निमूटपणे क्रेडिटमध्ये धरतो.

---

नाशिकरोड_जमाखर्च:

दोघांचेही आभार. दोन अडचणी आहेत. एआयने दिलेलं एक्सलुकअपचं (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणायचं) सूत्र माझ्याकडे ‘नाव’ची (#NAME?) एरर देतं. आणि २बी जुळवताना एका हार्डवेअर क्लायंटची निम्मी बिलं ‘जुळत नाहीत’ म्हणून येतात, डोळ्यांनी बघितलं तर तीच बिलं आहेत.

---

अंबड_लेखापरीक्षा:

एक्सलुकअप २०१६ मध्ये नाहीच, ते २०२१ आणि ३६५ पासून आहे. प्रश्न विचारतानाच ‘एक्सेल २०१६’ लिहा, मग इंडेक्स-मॅच किंवा काउंटइफ्सने देतो. पॉवर क्वेरी (फाइल आत घेऊन साफ करायची सोय) मात्र २०१६ मध्ये आहे, डेटा टॅबखाली. दर महिन्याच्या कामाला तीच बरी.

न जुळण्याचं कारण बहुतेक बिल क्रमांकात असतं. पुरवठादाराने पोर्टलवर ‘एसटी/०४५/२५-२६’ भरलंय, तुमच्या माणसाने टॅलीत ‘४५’ मारलंय. त्यात भर एक्सेलची. ‘१२-२५’ असा क्रमांक उघडला की त्याची डिसेंबरची तारीख होते. अंक, मध्ये ई आणि पुढे अंक असा क्रमांक असेल तर तो घातांकात जातो. पंधरापेक्षा जास्त अंकांचा खातेक्रमांक असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे सगळी शून्यं. म्हणून फाइल थेट उघडू नका. रकाना ‘टेक्स्ट’ ठरवून पॉवर क्वेरीतून आत घ्या. एकदा तारीख झाली की मूळ क्रमांक परत मिळत नाही.

मग जुळवणी चार फेऱ्यांत:

पहिली फेरी जीएसटी क्रमांक + बिल क्रमांक + करपात्र रक्कम, जशीच्या तशी.

दुसऱ्या फेरीत बिल क्रमांकातून तिरक्या रेघा, आडव्या रेघा, आर्थिक वर्ष आणि सुरुवातीची शून्यं काढून तेच परत.

तिसऱ्या फेरीत फक्त जीएसटी क्रमांक + रक्कम, एक रुपयाच्या फरकाने. इथे जपा. एकाच पुरवठादाराची एकाच रकमेची दोन बिलं असली की एक बिल दोन्हीकडे चिकटतं. मासिक भाडं आणि सिक्युरिटीच्या बिलांत हे हटकून होतं. म्हणून काउंटइफ्सने आधी बघा, ती जोडी एकदाच आहे ना.

चौथी फेरी एआयची. समजा ४०० बिलांतली ३० उरली, तर ती तीस एआयला द्या आणि ‘संभाव्य जोड्या सुचव, प्रत्येकीचं कारण लिही’ म्हणा. दोन अंकांची अदलाबदल, एका क्लायंटच्या दोन नोंदण्यांमधली गल्लत, क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) बिल म्हणून भरलेली, हे तो पटकन ओळखतो. पूर्ण चारशे दिलीत तर मधल्या ओळी तो खातो. फुकटातल्या आवृत्तीत तर फारच.

वेळ बघून करा. २बीचा मसुदा १४ तारखेला येतो, ३बी (कर भरायचं जीएसटी विवरणपत्र) मासिकवाल्यांची २० ला. ऑक्टोबर २०२४ पासून आयएमएस (पुरवठादारांची बिलं पोर्टलवर स्वीकारायची-नाकारायची सोय) आहे. तिथे १४ नंतर काही स्वीकारलं-नाकारलं तर ३बी भरण्याआधी २बी पुन्हा मोजून घ्यावी लागते. १४ ची जुनी फाइल एआयच्या चॅटमध्ये पडलेली असते आणि जुळवणी तिच्यावरच होत राहते. फाइलच्या नावात तारीख-वेळ टाका.

---

मखमलाबादकर:

एवढा खटाटोप कशाला? नव्या टॅलीप्राइममध्ये २बी जुळवणी आणि बँक जुळवणी दोन्ही आहेत. लायसन्सचं नूतनीकरण असेल तर आधी ते पूर्ण वापरा, उरलेल्याला एआय. लोक फुकटचं दळण एआयवर दळत बसतात.

---

पिंपळगाव_हिशोबपट्टी:

कांद्याच्या व्यापाऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. हाताने लिहिलेल्या मराठी हिशोबपट्ट्या (शेतमालाचं वजन, भाव, रक्कम लिहिलेल्या पावत्या) एआय वाचतो, आणि बऱ्यापैकी वाचतो. पण आकडे मराठी आहेत हे आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर मराठी ४ त्याला इंग्रजी आठ वाटतो आणि मराठी १ इंग्रजी नऊ. अर्धी पट्टी मराठी आकड्यांत आणि अर्धी इंग्रजीत असेल, आणि आपल्याकडे ती असतेच, तर कोणता रकाना कोणत्या आकड्यांत ते सुद्धा सांगा.

दुसरी खोच वजनाची. पट्टीवर ‘१४-४०’ म्हणजे १४ क्विंटल ४० किलो, त्याला १४.४० लिहायला सांगा. पण ‘१४-४’ म्हणजे १४ क्विंटल ४ किलो, म्हणजे १४.०४. तो १४.४० करतो. ३६ किलोचा फरक एका पट्टीवर!

तपासणी सोपी आहे, वजन गुणिले भाव बरोबर रक्कम. १४.४० क्विंटल, भाव १,४५०, रक्कम २०,८८०. भावातला ४ त्याने आठ वाचला तर १,८५० ने २६,६४० होतात आणि पट्टीवरच्या आकड्याशी जुळत नाही, चूक लगेच दिसते. पण ही तपासणी फुकट जाते ती एका कारणाने. वाचतानाच तो गुणाकार ‘दुरुस्त’ करून रक्कमही २६,६४० लिहून टाकतो, मग सगळं कसं छान जुळतं. म्हणून स्पष्ट लिहा: ‘कागदावर जे आहे तेच लिही, गुणाकार करू नकोस, चुकीचा दिसला तरी बदलू नकोस, वाचता येत नसेल तर प्रश्नचिन्ह टाक.’ रक्कम, हमाली, तोलाई आणि निव्वळ हे चारही आकडे कागदावरून स्वतंत्र आले पाहिजेत, गुणाकार-वजाबाकी एक्सेल करेल.

एका फोटोत एकच पट्टी. सहा पट्ट्या टेबलावर मांडून एक फोटो काढला की शेजारच्या पट्टीची हमाली इकडे येते. कार्बनच्या प्रतीचा फोटो उन्हात काढू नका, सावलीत काढा आणि फोन कागदाला सरळ धरा.

आणखी एक. रोखीने दिलेली १०,००० च्या वरची प्रत्येक रक्कम एआय प्राप्तिकराच्या कलम ४०ए(३) खाली खर्च म्हणून नामंजूर दाखवतो. शेतकऱ्याकडून त्याचा स्वतःचा शेतमाल घेतला तर २०२५-२६ पर्यंतच्या वह्यांना नियम ६डीडीची सूट आहे. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला तर नाही. हा फरक त्याला पट्टीवरून कळत नाही, विक्रेता कोण याचा रकाना तुम्हालाच भरावा लागतो.

---

कलम_आणि_कपाट:

नोटिशी उरल्या. इथे एआय लेखनिक म्हणून उत्तम, वकील म्हणून धोकादायक.

त्याला जुने आकडे सर्वांत जास्त पाठ असतात. विचारून बघा: तांत्रिक-व्यावसायिक सेवांवरच्या टीडीएसची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० ची ५०,००० झाली, कमिशनचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ चा २ टक्के झाला, तरी उत्तर जुनं येऊ शकतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ चे टप्पे बहुतेक वस्तूंना गेले. द्राक्षाच्या पॅकिंगचे पुठ्ठ्याचे खोके १२ वरून ५ वर आले. जुन्या तारखेचं बिल जुन्या दराने बरोबर असतं, ते त्याला चूक वाटतं, किंवा नेमकं उलटं. आणि १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू. १९४सी, १९४जे हे टीडीएसच्या कलमांचे वेगवेगळे क्रमांक गेले, पगाराचा टीडीएस ३९२ आणि बाकीचा ३९३ खाली आला. तेव्हा प्रश्नात आर्थिक वर्ष आणि व्यवहाराची तारीख लिहा, आणि उत्तरातलं प्रत्येक कलम, दर, मर्यादा सरकारी पोर्टलवर उघडून बघा.

निवाड्यांचे दाखले तर उघडून वाचल्याशिवाय वापरायचेच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये दिलेला बंगळुरूच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाचा एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात दिलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते.

वापर असा करा. नोटिशीतला मजकूर नावं झाकून द्या आणि तीनच गोष्टी मागा: विभागाचे मुद्दे क्रमाने, प्रत्येक मुद्द्याला लागणारे कागद, उत्तराची मुदत नोटिशीच्या कोणत्या ओळीत आहे. जीएसटीच्या नोटिशींत डीआरसी-०१बी आणि ०१सी ला (विवरणपत्रांतल्या तफावतीच्या) सातच दिवस असतात, एएसएमटी-१० ला (विवरणपत्राच्या छाननीच्या) साधारण तीस. त्याने सगळ्यांना तीस म्हटलं की गाडी चुकली. उत्तरातले आकडे तुमच्या जुळवणीच्या शीटवरून तुम्ही घाला, मसुद्याची भाषा त्याच्याकडून घ्या. परिपत्रकं आणि अधिसूचना नोटबुकएलएमसारख्या साधनात टाकून विचारलं तर उत्तर त्या कागदांपुरतं बरंचसं बांधलेलं राहतं आणि कोणत्या परिच्छेदातून आलं ते दिसतं.

गोपनीयतेचं कुणी काढलं नाही. फुकटातल्या खात्यात तुमच्या चॅट मॉडेल सुधारायला वापरायची परवानगी बहुधा आधीच चालू असते, सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. क्लायंटची लेखी संमती घ्या. नावांच्या जागी क्ल-०१, क्ल-०२ आणि कोणतं नाव कोणाचं ती शीट ऑफिसच्याच संगणकावर. पॅनचा रकाना झाकून लोक निश्चिंत होतात, पण जीएसटी क्रमांकाच्या पोटात पॅन असतोच, आणि प्रोप्रायटरचा तो त्याचा स्वतःचा पॅन. त्यामुळे जीएसटी क्रमांकालाही कोड द्या, जुळवणीला कोड पुरतो. पोर्टलच्या पासवर्डची फाइल, आधार, डिजिटल सहीचं काहीही तिकडे न्यायचं नाही.

---

नाशिकरोड_जमाखर्च:

कोड दिला तर पंधराव्या अक्षराची तपासणी कशी करायची?

---

अंबड_लेखापरीक्षा:

ती एआयकडे जातच नाही. मॅक्रो तुमच्या एक्सेलमध्ये चालतो, एआयने फक्त तो लिहून दिलेला असतो. क्रम असा ठेवा: खऱ्या क्रमांकांवर मॅक्रो, मग २बीच्या पहिल्या तीन फेऱ्या, मग उरलेल्या तीस ओळींना कोड, आणि मग त्या तीस ओळी बाहेर. बिलांचे फोटो देताना मात्र क्रमांक झाकता येत नाही, म्हणून वर क्यूआर आधी म्हटलं. ज्या क्लायंटने संमती दिली नाही त्याची छोटी बिलं हातानेच मारा.